आप्पांचं वाक्य पुरं होईपर्यंत

"पंखा."

लॅपटॉपमधून हा एवढा एक शब्द बाहेर पडला, तोवर पद्मजा स्वयंपाकघरात पोचली होती, तिनं उतू जाणारं दूध वाचवलं होतं, ओटा पुसला होता आणि आता फडकं वाळत घालत होती. शब्द आप्पांचा, तिच्या वडिलांचा. निघाला होता कधीचा, पोचला आत्ता.

"आले, आले," म्हणत ती बाहेरच्या खोलीत आली. आप्पा पलंगावर उशांना टेकून बसवलेले, गळ्याला करड्या रंगाची पट्टी, अंगावर शाल, डोळे तिच्यावर रोखलेले. "काय पंख्याचं? डास चावतायत? वाढवू?" तिनं घटकाभर वाट पाहिली, म्हणजे पाहिली असं तिला वाटलं, आणि रेग्युलेटर पुढं सरकवला. "हं, वाढवला. बसा आता निवांत, मी आंघोळ उरकून येते."

ती मोरीत गेल्यावर लॅपटॉप रिकाम्या खोलीला म्हणाला, "बंद कर. गारठलोय मी."

जानेवारीचा महिना, कृष्णेवरचं वारं आणि वर फुल्ल पंखा! अंगावर तांब्या ओतता ओतता पद्मजानं ते ऐकलं आणि तशीच खाली बसली. रडावंसं वाटलं, पण रडायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. ती उठली, कशीबशी साडी गुंडाळली आणि पंखा बंद करायला बाहेर आली.

आप्पा, नेमगोंडा चौगुले, म्हणजे सांगलीच्या हळद बाजारातलं एकेकाळचं सगळ्यांत चालतं तोंड. अडत दुकानात सौदे लावायचं काम. पोत्यात हात घातला की हळकुंड बाहेर यायच्या आधी यांचं बोलणं सुरू. माल कुठला, वाळला किती, मोडला तर आवाज कसा येतो, सगळं एका दमात. आणि आता अडीच वर्षं झाली, नसांच्या आजारानं अंगातला एकेक स्नायू संपावर गेला होता. आधी पाय, मग हात, मग जीभ. उरला होता उजवा पंजा, तोही जेमतेम, आणि डोळे.

गळ्यावरची पट्टी ही या दिवसांतली नवलाई. बोलायचं मनात आलं की मेंदू घशाकडं इशारे धाडतो; स्नायू हलले नाहीत तरी इशारा येतोच. पट्टी तो इशारा टिपते, लॅपटॉप त्याचे शब्द लावतो आणि माणसाच्या स्वतःच्या आवाजात बोलून दाखवतो. आप्पांचा आवाज सौद्यांच्या जुन्या व्हिडिओंवरून बांधला होता, त्यामुळं पाणी मागितलं तरी चारचौघांत पुकारा केल्यासारखं वाटायचं. पहिल्या महिन्यात घरात नुसती जत्रा होती. आप्पा दिवसभर बोलत होते. आणि मग हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, शब्द उशिरा यायला लागले.

पद्मजानं लॅपटॉप पुढं ओढला. कोपऱ्यात प्रोसेसरचा वेग दाखवणारा आकडा होता. चारशे. हाच प्रोसेसर छत्तीसशेपर्यंत पळू शकतो, आणि हा पठ्ठ्या महिनोन् महिने चारशेवर लोळत पडलेला.

तेवढ्यात पुण्याहून अभिनंदनचा फोन आला. धाकटा भाऊ. त्याचं बोलणं बापावर गेलेलं, श्वास घ्यायलासुद्धा थांबायचा नाही.

"अक्का, शनिवारचं पक्कं झालं. संमती अधिकारी ऑनलाइन येणार. आप्पांना विचारणार, देखभाल केंद्रात जायचंय का. तीनदा विचारतात. आप्पांनी त्यांच्या आवाजात सांगितलं तर उत्तमच, नाही आलं उत्तर वेळेत तर जवळच्या नातेवाइकांच्या सह्या. तुझी आणि माझी. केंद्र माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी रोज जाईन, खरंच जाईन. तू किती दिवस काढणार आहेस अशी? आरशात बघितलंयस का स्वतःला?"

"बघायला वेळ कुठाय."

"तेच म्हणतोय मी! लॅपटॉप नीट झाला का?"

"नाही झाला."

"मग सह्यांवरच जाईल बहुतेक," अभिनंदन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, काळजीच होती.

फोन ठेवल्यावर पद्मजाच्या मनात एक विचार येऊन बसला. लॅपटॉप नाहीच दुरुस्त झाला तर? तिला काही बोलावं लागणार नव्हतं. आपोआप व्हायचं ते होऊन जाईल, आणि मग ती झोपेल. रात्री तीनतीनदा उठून आप्पांची कूस न बदलता सलग झोपेल. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिनं लगेच तौफिकला फोन लावला.

तौफिक मुजावर मिरजेचा. कॉलेजात दोघं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. तिनं आप्पांसाठी नोकरी सोडली, तो अजून तिथंच. खुल्या प्रणालीवाल्यांचा सांगली-मिरजेचा एक गट होता, त्यातली ही दोघं जुनी खोडं. खुली प्रणाली म्हणजे संगणकाचं असं मूळ सॉफ्टवेअर, की ज्याचा कुठलाही टाका कुणालाही उसवून बघता येतो. फुकट मिळतं, पण बिघडलं तर रडायला कंपनी नाही. आपण आपलं उसवायचं, आपण शिवायचं.

तौफिक दुपारी स्क्रू ड्रायव्हरचा डबा घेऊन आला. "काय आप्पा, कसं काय?" म्हणून त्यानं त्यांच्या पंजाला हात लावला आणि उत्तराची वाट न बघता पद्मजाकडं वळला. "पहिल्यांदा चार्जर दाखव. ओरिजिनल हाय का डुप्लिकेट?"

"स्टँडवरून आणलाय. ओरिजिनल म्हणूनच दिला त्यानं."

"दिला त्यानं! मास्तरीण तू, आणि स्टँडवर चार्जर घेतेस?" तौफिकनं कपाळ बडवलं. "अगं, चार्जर ओळखीचा नसला की मशीन घाबरतं. वीज पुरंल का नाही याचा भरवसा नाही म्हणून पार खालच्या वेगाला जाऊन बसतं. जुनं दुखणं हाय हे."

त्यानं स्वतःचा चार्जर जोडला. आकडा चारशे.

मग लॅपटॉपची पाठ उघडली. पंख्यात एवढी धूळ निघाली की तौफिक म्हणाला, यात हळद लावता येईल. धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट खरवडून नवी लावली. प्रोसेसर तापला तर तो स्वतःला आवरतो, म्हणून तापमान बघितलं. तो तर गारेगार. बायॉसमधली, म्हणजे मशीनच्या मुळाशी असलेली सेटिंगं बघितली, प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल जुना घालून बघितला, परत नवा घातला. चहा झाला, पोहे झाले. आकडा चारशेच.

"मग मुकादमच," तौफिक म्हणाला.

मुकादम हे नाव पद्मजानंच दिलेलं. प्रणालीतले संदेश मराठीत आणायचं काम गटानं घेतलं तेव्हा प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या 'गव्हर्नर'ला काय म्हणायचं यावर तीन आठवडे भांडणं झाली होती. शेवटी ती म्हणाली, अरे, उसाच्या फडात टोळीकडून किती काम कधी घ्यायचं हे कोण ठरवतं? मुकादम. झालं, चिकटलं ते नाव.

प्रोसेसर म्हणजे घड्याळाच्या ठोक्यावर काम करणारा गडी. ठोका जलद पडला की काम जास्त, पण वीजही जास्त आणि उष्णताही. म्हणून प्रणाली मुकादम नेमते. जुना मुकादम एवढंच बघायचा, की कामाचा ढीग केवढा आहे. ढीग मोठा की ठोका जलद. पण मग संगणकांनी देशभर विजेचा असा फडशा पाडला की गावोगाव दिवे जायची वेळ आली, आणि नवा कायदा झाला. त्यातून नवा मुकादम आला. हा ढिगाकडं बघत नाही, ढिगाशेजारी कोण ताटकळतंय ते बघतो. कुणी कळ पुन्हापुन्हा दाबतंय का, पडद्याकडं डोळे लावून बसलंय का, उत्तर आल्यावर ते कुणी वापरतंय का. खोळंबा दिसला की वेग देतो. खोळंबा नाही, तर घाई कशाला? आणि तो शिकत जातो, ज्या त्या घराच्या सवयीप्रमाणं. यानं वीज खरंच वाचली. चिडकी, घाईची माणसं खूश झाली, कारण त्यांची यंत्रं पळायला लागली. जे सोसून घेतात, त्यांची यंत्रं मंद झाली, आणि ते सोसणारेच असल्यामुळं त्यांनी तक्रारही केली नाही.

"मुकादमाला रजा देऊ," तौफिक म्हणाला आणि त्यानं एक ओळ टाइप केली. वेग सक्तीनं वर. आकडा टुणकन छत्तीसशेवर गेला, पंखा घरघरला, आणि लॅपटॉपमधून आप्पांचा आवाज आला, खणखणीत, बाजारातला.

"मुजावरा, तुझा बाप माझ्या दुकानात तोलार होता. काटा बघितल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. तू कुणावर गेलास रे?"

तौफिक हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. पद्मजानं तोंडावर पदर धरला. किती महिन्यांनी हा माणूस घरात परत आला होता!

पण पडद्यावर एक पिवळी पट्टी उमटली होती. शिक्का गेला. सरकारी कामात चालणाऱ्या बोलक्या यंत्राला शिक्का असतो. आतलं काही हातानं सक्तीनं बदललं की तो उडतो. आणि ते बरोबरच होतं. ज्यानं वेग बदलला तो उद्या शब्दही बदलेल. मुक्या माणसाच्या तोंडात आपले शब्द घालून घरंच्या घरं नावावर करून घेणारे निघालेच होते. शिक्का नसलेल्या यंत्राची साक्ष शनिवारी चालणार नव्हती. तौफिकनं सक्ती काढली. शिक्का परत आला, आकडा चारशेवर बसला, आणि आप्पा पुढचं जे काही बोलत होते ते अर्ध्यावर लोंबकळलं.

"आता?" पद्मजा म्हणाली.

"आता बघायचं, हा मुकादम शिकतो तरी कुणाकडनं." तौफिकनं आकडा मोठा करून सगळ्या पडद्यावर पसरवला. "आप्पा, बोला काहीतरी. मोठं वाक्य. आम्ही आकडा बघतो."

आप्पांचे डोळे मिटले, उघडले. पट्टीवरचा बारका दिवा लागला. चारशे. चारशेवीस. साडेचारशे. "मला..." असा शब्द आला. पाचशे दहा. पुढं काही येईना. सहाशे.

"पाणी पाहिजे का आप्पा?" पद्मजा म्हणाली.

आकडा धपकन चारशेवर आला. पट्टीवरचा दिवा विझला.

दोघंही पडद्याकडं बघत राहिले. "परत," तौफिक हळू आवाजात म्हणाला. परत दिवा लागला, परत आकडा चढायला लागला, आणि खोलीतली शांतता पद्मजाला अशी असह्य झाली की तिच्या तोंडून निघूनच गेलं, "कूस बदलायचीय का?"

चारशे.

आता सांगायची गरज नव्हती. खोलीत दुसरं कुणी बोलायला लागलं की यंत्र आप्पांचं वाक्य थांबवायचं, दोन आवाजांचा गोंधळ नको म्हणून. आणि मुकादम शिकायचा: या माणसाच्या शब्दासाठी इथं कुणी खोळंबलेलं नाही. शब्द येण्याआधीच काम उरकलं जातंय. मग वेग कशाला? वेग उतरला म्हणून शब्दाला आणखी उशीर, उशीर झाला म्हणून पद्मजाची आणखी घाई, घाई झाली म्हणून वेग आणखी खाली. बिघाड कुठंच नव्हता. मुकादम बरोबर शिकला होता, आणि शिकवणारी ती होती.

"मी काय मुद्दाम करते होय रे?" ती एकदम तौफिकवर कडाडली. "एकटी आहे मी! स्वयंपाक, धुणं, औषधं, नळी, कूस. एकेका शब्दाला बसून राहिले तर दिवस पुरंल का मला?"

तौफिक उठला, आवरायला लागला. डब्यात स्क्रू ड्रायव्हर भरत राहिला. जाताना मात्र म्हणाला, "मीपण आल्या आल्या आप्पांना कसं काय विचारलं आणि तुझ्याकडं वळलो. बघितलंस नव्हं?"

त्यानं उपाय सांगून ठेवला होता, आणि तो एकच होता. मुकादमाला नव्यानं शिकवायचं. आप्पांचा दिवा लागला की वाक्य पुरं होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. शनिवारपर्यंत जमेल तेवढं.

ऐकायला सोपं. पद्मजा शेजारी खुर्ची घेऊन बसली की हात शिवशिवायचे. जीभ आपोआप हलायची. आयुष्यभर ती पुढच्याच्या मनातलं ओळखून आधीच करून टाकण्यात पटाईत. त्याचंच घरादारानं कौतुक केलेलं. शेवटी तिनं शालीखाली हात घालून आप्पांचा पंजा धरला, निदान हाताला तरी काम म्हणून.

आप्पांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. बऱ्याच वेळानं लॅपटॉप बोलला, "हत्ता."

ती ओठ चावून गप्प राहिली. आणि तिला आठवलं. जुन्या बाजारात सौदा दोन पातळ्यांवर व्हायचा. तोंडानं मोठमोठ्यानं मालाची तारीफ, आणि खरा भाव रुमालाखाली, बोटं धरून; त्यालाच हत्ता म्हणायचे. घेणारा बोटं दाबून भाव सांगायचा, देणारा मान हलवायचा. तोंड गर्दीसाठी, बोटं गिऱ्हाइकासाठी, असं आप्पा म्हणायचे. आणि नियम असा, की बोलणं पुरतं झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. हात सोडला की सौदा मोडला. लहानपणी ती दुकानात जायची तेव्हा आप्पा रुमालाखाली तिचा हात धरून लिमलेटच्या गोळ्यांचा सौदा करायचे.

तेच ठरलं मग. दिवा लागला की शालीखाली हात. आप्पांचं म्हणणं संपलं की ते बोटं सैल करणार. तोवर जग इकडचं तिकडं झालं तरी पद्मजा बोलणार नाही.

पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी दूधवाला दोनदा बेल वाजवून गेला. आप्पांची वाक्यं मात्र पुरी व्हायला लागली, आणि किती साधी वाक्यं होती ती! चहात साखर कमी घाल. ती समोरची खिडकी उघडी ठेव, त्या घरातली म्हातारी मला हात करते. तू गुणगुणायचीस, आता गुणगुणत नाहीस. आकडा सातशे, नऊशे, बाराशे असा सरकत होता. मुकादमाला कळत होतं की या घरात आता कुणीतरी ताटकळतंय. पद्मजाला बरं वाटत होतं आणि ती मरणाची दमतही होती, दोन्ही एकदम. थांबून राहण्यानं माणूस कामापेक्षा जास्त दमतो हे तिला आजवर माहीत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी दिवा लागला. तिनं हात धरला.

"मला पुण्याला जायचं नाही," आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं पुढचं आलं. "तिथं रात्री कुणी ओळखीचं नसंल. मला भीती वाटती, पोरी."

तिनं आप्पांना उभ्या आयुष्यात भीती हा शब्द वापरताना ऐकलं नव्हतं. त्यांची बोटं सैल झाली, म्हणजे आता तिची पाळी. काय काय बोलायला हवं होतं! पण तोंडातून आलं ते असं, "मग मी काय करू, आप्पा? मी कुठं जाऊ?"

दिवा लागला नाही. आप्पांनी डोळे मिटून घेतले. शुक्रवारी ते दिवसभर कामापुरतं बोलले.

शनिवारी सकाळी अभिनंदन आला. येताना आप्पांसाठी लोकरी टोपी, बहिणीसाठी बाकरवडी. दारातनंच सुरू, "आप्पा, टोपी बघा! रंग आवडला का? आवडला ना! थंडी किती आहे हो इथं." पडद्यावरचा आकडा घरंगळायला लागला. पद्मजानं त्याचा दंड धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. तो अर्ध्यातच म्हणाला, "हां हां, कळलं कळलं." मग आकड्याकडं बघून खरंच गप्प झाला.

अकराच्या सुमारास टॅबवर अधिकारी बाई आल्या. चेहरा सज्जन, पण दिवसभरात अशी किती घरं करायची असतील कुणास ठाऊक. त्यांनी शिक्का तपासला, नावं विचारली. मग सावकाश म्हणाल्या, "चौगुले काका, पुण्याच्या देखभाल केंद्रात राहायला जायला तुमची संमती आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

दिवा लागला. पद्मजाचा हात शालीखाली. बावीसशे. अठ्ठावीसशे. कुणी बोललं नाही. बाईंना दुसऱ्यांदा विचारावंही लागलं नाही.

"हो," आप्पा म्हणाले. "जातो."

अभिनंदननं मोठा श्वास सोडला. बाई मान खाली घालून नोंदवायला लागल्या. आणि पद्मजाच्या सगळ्या अंगातून काहीतरी ओसरलं. गादी, अंधारी खोली, बंद दार. देवा, झोप! तिनं मागितलं नव्हतं, तिनं एक शब्द काढला नव्हता, आप्पा आपल्या तोंडानं हो म्हणाले होते. शिक्क्यासकट.

पण शालीखाली बोटं सैल झाली नव्हती.

उलट ती आवळली होती, जेवढी आवळता येतील तेवढी. तोंड गर्दीसाठी, बोटं गिऱ्हाइकासाठी. खोलीत हे कळणारी ती एकटीच होती. तिनं हात नुसता काढून घेतला असता तरी कुणालाही काही समजलं नसतं. तिला तो काढायचा होता. खोटं कशाला बोला, एक क्षणभर तिला तो खरोखर काढायचा होता.

"थांबा," ती म्हणाली. "त्यांचं बोलणं अजून झालेलं नाही."

"उत्तर मिळालं की ताई," बाई म्हणाल्या.

"वाक्य पुरं झालेलं नाही."

"अक्का, आता झालं ना, कशाला उगाच..." अभिनंदन बोलायला लागला आणि आकडा कोसळला. त्याला तो दिसला. बाराशे, आठशे. त्यानं तोंडावर हात ठेवला आणि ठेवूनच बसला. टॅबमध्ये बाईंनीही लेखणी खाली ठेवली. तीन माणसं, एका माणसाच्या तोंडाकडं डोळे लावून. आकडा थांबला, वळला, चढायला लागला. दोन हजार. तीन हजार. आणि सक्तीविना, शिक्क्यासकट, पहिल्यांदाच छत्तीसशे.

"हो म्हणालो ते हिच्यासाठी," आप्पांचा आवाज आला, हंगामातल्या सौद्याच्या चालीत, कुठंही न अडखळता. "मला जायचं नाही. मला तिथं भीती वाटती. पण ही पोरगी दमलीया, बाई. हिला झोप पाहिजे. माझ्यापायी ही झिजून चाललीया, ते मी रोज इथनं बघतोय. हेही खरं, तेही खरं. दोन्ही लिहा."

मग त्यांनी बोटं सोडली.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आता गरज नव्हती तरी. शेवटी अधिकारी बाई चष्मा काढून म्हणाल्या, "काका, माझ्याकडं दोन्हीला जागा नाही हो. हो किंवा नाही, एवढेच रकाने आहेत." त्यांनी डोळे पुसले आणि परत चष्मा लावला. "आज मी निर्णय झाला नाही असं लिहिते. पुढची तारीख घ्या. तोवर घरात बोला."

टॅब काळा झाला. पद्मजा रडत होती. हुंदके वगैरे नाहीत, नुसतं पाणी, थांबेचना. अभिनंदन उठला, तिच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. सवयीनं त्याच्या तोंडावर पाचपन्नास वाक्यं आलेली दिसत होती. ती त्यानं गिळली.

"अक्का, तू ऊठ," तो म्हणाला. "आत जाऊन पड. मी दोन आठवडे आहे. पुढचं पुढं बघू."

"तुला नाही जमायचं रे."

"नाही जमलं तर उठवीन. हात कुठं धरायचा तेवढं दाखव."

तिनं शालीखाली त्याचा हात नेला आणि आप्पांच्या पंजात दिला. मग भर दुपारी, बाकरवडीचा पुडा न उघडता, केर न काढता ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. दार उघडंच ठेवलं, न जाणो.

बाहेरून अभिनंदनचा आवाज आला. "आप्पा, चहा करू? बिनसाखरेचा का थोडी..."

आणि तो थांबला. मध्येच, स्वतःहून.

पद्मजा कान देऊन पडून राहिली. बाहेर सगळं शांत होतं. कुठं चमचा नाही, पाऊल नाही, काही नाही. आप्पा काय म्हणतात ते ऐकायचं तिनं पक्कं ठरवलं होतं, पण उत्तर आलं तेव्हा ती झोपलेली होती.